डावी बाजू

दार उघडलं तेव्हा तो मुलगा बूट काढून आधीच बाजूला उभा होता. "सेट बघायला आलोय," तो म्हणाला. "मी शार्दूल. सकाळी फोनवर बोललो होतो."

मी त्याला आतल्या खोलीत नेलं. तिथं नाना बसले होते.

नाना म्हणजे माझे वडील, बाजीराव तोडकर. सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून केली. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आई गेली, म्हणून मी त्यांना गावाकडून पुनावळ्याच्या आमच्या फ्लॅटवर आणलं होतं. त्या रविवारी दुपारी ते माझ्या गेमिंगच्या सीटवर बसून कुठल्याशा घाटातून बस खाली उतरवत होते. अंगात बंडी, पाय उघडे, चेहरा एकदम गंभीर.

"नाना, हा माझा मित्र आलाय. सेट बघायचाय त्याला," मी म्हणालो.

"बघू दे की," मान न वळवता ते म्हणाले. "वळण जाऊ दे एवढं."

शार्दूल पलंगाच्या कडेला टेकला आणि सेटवरून नजर फिरवू लागला. ती नजर मला ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी माझीही तीच होती. मोटर असलेलं स्टिअरिंग, रस्ता खराब आला की हाताला थरथर जाणवणारं. स्टीलची पेडल्स, रेसिंगच्या गाडीत असते तशी सीट, आणि समोर कमानीसारखे मांडलेले तीन मोठे स्क्रीन. मधल्यात रस्ता, उजव्यात उजवी खिडकी, डाव्यात डावी. बसलं की आपण खोलीत आहोत हेच विसरायला व्हायचं.

पैशांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी होतो. चांगले दिवस होते. पगार वाढला की मी काहीतरी घ्यायचो. आधी कन्सोल, मग डोळ्यांवर चढवायचा तो व्हीआरचा चष्मा, मग नानांच्या शेवटच्या पगारापेक्षा महाग असं ग्राफिक्स कार्ड. खोक्यावरची पट्टी ब्लेडने कापताना जो आनंद व्हायचा तो आठवडाभर पुरायचा, मग पुन्हा नवीन शोध सुरू. प्रणाली, माझी बायको, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ती म्हणायची, "संग्राम, घराचे हप्ते आहेत रे." मी म्हणायचो, शेअर्स मिळणार आहेत कंपनीचे.

शेअर्स मिळाले नाहीत. कंपनी विकली गेली आणि एका सकाळी व्हिडिओ कॉलवर आमच्या अख्ख्या टीमला काढून टाकलं. बोलणाऱ्या बाईंनी आमची नावंही घेतली नाहीत. त्यानंतर घरातल्या वस्तू आल्या तशाच उलट्या क्रमाने जाऊ लागल्या. घेतलेल्या किमतीच्या निम्मेसुद्धा कुणी देत नव्हतं. शेवटी हा सेट तेवढा उरला होता.

नोकरी गेल्याचं नानांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. तिसऱ्या दिवशी एका शाळेच्या व्हॅनची किल्ली घेऊन घरी आले. मुळीक नावाच्या माणसाच्या व्हॅन होत्या, त्याला अनुभवी ड्रायव्हर हवाच होता. "तुझं काम लागेस्तोवर मी चालवतो," म्हणाले. गाडी की घर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमचा किराणा आणि विजेचं बिल त्या व्हॅनवर निघत होतं, हे मात्र खरं.

या सेटला ते आधी "तुझं खेळणं" म्हणायचे. मग कुणा हौशी मुलांनी आपल्याकडचे रस्ते आणि लाल बस त्या गेममध्ये बनवल्याचं मी त्यांना दाखवलं. त्या दिवसापासून दुपारची झोप सोडून ते तिथं बसायला लागले. म्हणून तर विकायचंय हे मी अजून त्यांना सांगितलं नव्हतं.

"काका, भारी चालवता," शार्दूल म्हणाला.

"हे काय चालवणं. ह्यात ब्रेकचा वास येत न्हाई."

शार्दूल हसला. मग उठून स्क्रीनच्या जवळ गेला, वाकून मागच्या वायरी बघितल्या आणि मला म्हणाला, "दादा, हा डावा स्क्रीन खराब आहे का?"

मी बघितलं. डावा स्क्रीन पूर्ण काळा होता. सकाळी पुसायला म्हणून मीच त्याची वायर काढली होती आणि परत लावायची विसरलो होतो.

"नाही नाही, वायर निघालीये. नाना, सांगायचं ना मला. कधीपासून असं अर्ध्यावर खेळताय?"

"काय निघालंय?"

"डावा स्क्रीन बंद आहे."

"कुठला बंद?" नाना म्हणाले. "सगळं चालू हाय की."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण स्टिअरिंगवर हात असताना नाना कधी चेष्टा करत नसत. जेवण झाल्यापासून ते तिथं बसलेले होते. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर खिडकीएवढा काळा चौकोन उभा होता. मी वायर लावली. स्क्रीन उजळला, त्यात डावीकडची झाडं आणि दगडी कठडा आला. नानांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ते समोर बघून गिअर बदलत राहिले.

बाहेरच्या खोलीत येऊन शार्दूलने सेट घेतो म्हणून सांगितलं, थोडे पैसे आगाऊ दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होता. मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो.

"दादा, एक विचारू? काका गाडी चालवतात का अजून?"

"शाळेची व्हॅन चालवतात."

लिफ्टचं बटण आधीच दाबलेलं होतं, ते त्याने पुन्हा दाबलं. लिफ्ट आली तेव्हा आत शिरताना म्हणाला, "माझ्या आजोबांना असंच झालं होतं. त्यांना स्वतःला कळत नव्हतं."

प्रणाली स्वयंपाकघरात होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता ओट्याला टेकून उभी राहिली.

"चटणी," ती म्हणाली.

"काय?"

"महिना झाला, ते चटणी खात नाहीत. कोशिंबीर नाही, लिंबू नाही. मला वाटलं पथ्य करतायत. परवा मला म्हणाले, सूनबाई, आज मीठ वाढायचं राहिलं. अरे, ताटात होतं मीठ. मी काही बोलले नाही, उगाच वाईट वाटेल म्हणून." ती थांबली. "सगळं डाव्या बाजूला वाढलेलं असतं, संग्राम. ताटातलं डावीकडचं सगळं तसंच राहतं."

बाहेरच्या खोलीत नाना बातम्या लावून बसले होते.

"तू बोल त्यांच्याशी," ती म्हणाली. "मी बोलले तर सून बोलली असं होईल."

संध्याकाळी मी नानांना सोसायटीच्या बागेत घेऊन गेलो. बाकावर बसल्यावर मी जमेल तितक्या सरळ सांगितलं. स्क्रीनचं, चटणीचं. म्हणालो, उद्या डॉक्टरला दाखवू, तोवर व्हॅन नको.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला खेळण्यावरनं नापास करतोस व्हय?"

"नापास नाही नाना, पण समोर अख्खा स्क्रीन बंद होता."

"असंल. माझं ध्यान रस्त्यावर हुतं. काचंत काय दिसतंय हे कोण बघत बसतंय. खरी गाडी अंगाला कळती, संग्राम. मागचं चाक कुठनं चाललंय ते मला इथं कळतं." त्यांनी बाकावर मांडीशेजारी थाप मारली. "इतकी वर्षं गाडी चालवली. कुणाला खरचटलं न्हाई माझ्या हातनं."

"म्हणूनच म्हणतोय. एकदा तपासून घेऊ."

"घेऊ की. पुढल्या रविवारी घेऊ. उद्या पोरांना शाळेत कोण सोडणार? तू?"

"मी सोडतो."

"तुला त्या खेळण्याच्या सीटवर बसून गाडी चालवाया येती," ते म्हणाले. मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "आणि घर कशावर चाललंय सध्या, ते बी बघ जरा."

ते उठले आणि पायवाटेने घराकडे निघाले. मी मागून बघत होतो. डाव्या बाजूच्या कुंडीला त्यांचा पाय लागला. त्यांनी खाली बघितलं आणि चालत राहिले.

मुळीकला फोन केला असता तर एका वाक्यात काम झालं असतं. पण ड्रायव्हर लोकांत अशी बातमी वाऱ्यासारखी फिरते. बाजीराव तोडकरला दिसत नाही, पोरानंच सांगितलं, हे गावाकडच्या डेपोपर्यंत गेलं असतं. किल्ली लपवणंही सोपं होतं. मग ते दुसरी मागून घेणार, आणि मला कधी माफ करणार नाहीत. त्यांना स्वतःला कळायला हवं होतं. माझी दुसरी कसलीच अट नव्हती.

अंधार पडायच्या आत मी त्यांच्या शर्टाच्या खिशातली किल्ली घेऊन खाली गेलो. व्हॅन मागच्या बाजूला, भिंतीला पाठ करून लावलेली असायची. तिथून निघताना डावीकडे वळून फाटकाकडे जावं लागे. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि प्रणालीला पुढे, डाव्या हाताला, चार पावलांवर उभं राहायला सांगितलं. ती डोक्यापासून गुडघ्यापर्यंत स्वच्छ दिसत होती.

"हे कशासाठी ते मला कळलंय," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "आणि ते मला पटलेलं नाही."

"ते मला बघतील, शिव्या देतील, गाडी बंद करतील. मग मी परत या विषयावर बोलणार नाही."

"आणि नाही बघितलं तर?"

"गाडीत मुलं नसतील. वेगही नसेल."

सकाळी मी नानांच्या आधी खाली उतरलो. लाल टी-शर्ट घातला होता. जिथं प्रणाली उभी राहिली होती तिथंच उभा राहिलो. ती फाटकाशी थांबली होती, कुणी मूल आत येऊ नये म्हणून. पहिलं मूल पुढच्या सोसायटीतून बसायचं, तरी ती थांबली.

नाना नेहमीच्या वेळेला आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. व्हॅनच्या उजव्या बाजूने आले, फडक्याने काच पुसली. पुसताना काचेचा डावा कोपरा तसाच राहिला. आत बसून त्यांनी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. आरसा नीट केला. उजवीकडे बघितलं. मग मान डावीकडे वळवली, ड्रायव्हर वळवतो तशी, सवयीने, आणि माझ्या रोखाने बघितलं. त्यांची नजर माझ्या थोडी अलीकडेच थांबली. ती माझ्यापर्यंत येईल असं मला अजूनही वाटत होतं.

गाडी सुरू झाली. मी हात वर केला. ओरडायचं नाही असं मी ठरवलं होतं. गाडी पुढे आली आणि डावीकडे वळायला लागली. बंपर मांडीला लागेपर्यंत मला खरं वाटत नव्हतं. मी पडलो. पाय काढून घ्यायला गेलो तो एक पाय आला आणि दुसऱ्यावरून चाक गेलं.

मी ओरडलो की प्रणाली, ते मला आठवत नाही. गाडी थांबली. नाना पळत आले, उजवीकडून, पूर्ण वळसा घालून. माझ्यासमोर वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "कुठनं आलास तू?"

"मी इथंच होतो, नाना."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वळून त्यांनी सीटकडे बघितलं, तिथून पुन्हा माझ्याकडे. हे त्यांनी दोन-तीनदा केलं. सीटपासून माझ्यापर्यंतचं अंतर ते मोजत असावेत. त्यानंतर त्यांनी खिशातून फोन काढला, तो डोळ्यांजवळ नेऊन मुळीकला लावला आणि म्हणाले, "मुळीक, पोरं आणाया दुसरा कोणतरी पाठवा. माझ्याच्यानं आता हुणार न्हाई. न्हाई, आज न्हाई, कधीच न्हाई." आवाज एकदम रोजच्यासारखा होता.

दवाखान्यात माझ्या पायाला प्लास्टर घालेपर्यंत दुपार झाली. पायाची बारीक हाडं मोडली होती. प्रणालीने त्याच इमारतीत नानांनाही दाखवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मेंदूत कधीतरी रक्ताची गुठळी अडकून गेली आहे, कदाचित झोपेत, त्यांना कळलंही नसेल. डावीकडचं दिसणं गेलंय, दोन्ही डोळ्यांचं. ते परत येणार नाही. आणि पेशंटला तिथं अंधार दिसत नाही, काही कमी आहे असंही वाटत नाही. त्याच्या दृष्टीने जग तिथंच संपतं.

हे सगळं मला प्रणालीने सांगितलं. नाना माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले होते. ती औषधं आणायला खाली गेली तेव्हा ते बोलले.

"दुखतंय का?"

"नाही आता."

"बरं झालं तू मधी आलास," ते म्हणाले. मला वाटलं, सुटलो. ते माझ्यावर रागावलेले नव्हते. पण त्यांचं संपलं नव्हतं. ते चादरीची घडी बोटाने सारखी करत राहिले.

"संग्राम, मागल्या बुधवारी शाळेवरनं येताना, त्या रोपांच्या नर्सरीच्या वळणावर, डाव्या चाकाखाली कायतरी आलं. गाडी उचलली चांगली. दोनच पोरं हुती मागं. पोरं हासली, म्हणली, नाना, परत एकदा उडवा. मी बी हासलो. म्हटलं, स्पीडब्रेकर असंल." ते थांबले. "मघाधरनं त्योच रस्ता आठवून बघतोय. तिथं स्पीडब्रेकर न्हाई."

मी काहीतरी म्हणालो. दगड असेल, फांदी असेल.

"असंल," ते म्हणाले. "मी मागं वळून बघितलं न्हाई."

दुसऱ्याच दिवशी प्रणाली त्या वळणावर जाऊन आली. नर्सरीतल्या बाईंना विचारलं, समोरच्या चहावाल्याला विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. चहावाला म्हणाला, त्या आठवड्यात एक कुत्रं मेलं होतं खरं, पण ते इथं की पुढच्या चौकात, आठवत नाही. तिने पोलीस चौकीतही चौकशी केली. तशी कसली नोंद नव्हती. तिने हे नानांना शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

मग ते स्वतः जायला लागले. शार्दूल टेम्पो घेऊन येऊन सेट घेऊन गेला होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. रोज सकाळी, व्हॅन घेऊन निघायच्या वेळेला, इस्त्रीचा शर्ट घालून ते भिंतीला डावा हात लावत चालत निघायचे. नर्सरीच्या वळणावर उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. काय विचारत ते कुणी आम्हाला सांगितलं नाही. एकदा चहावाल्याने प्रणालीला थांबवून सांगितलं, "ताई, तुमच्या नानांना समजवा. गिऱ्हाईक घाबरतं."

आम्ही फ्लॅट विकला. मला नोकरी लागली, आधीच्यापेक्षा बरीच कमी पगाराची, आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. नाना गावाला गेले, माझ्या आत्याकडे. गावात त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं की डावीकडचं दिसत नाही, पोराच्या पायावर गाडी घातली. जे मी लपवायला बघत होतो ते त्यांनी पारावर बसून सांगितलं. दुसरी गोष्ट मात्र त्यांनी तिथं कुणालाही सांगितली नाही.

रविवारी मी फोन करायचो. तब्येत, औषध, पाऊसपाणी. फोन ठेवायच्या आधी ते आवाज खाली आणून विचारायचे, "त्येचं कायतरी कळलं का रं?"

"काही नव्हतं, नाना."

"हं," म्हणायचे आणि फोन आत्याच्या हातात द्यायचे. दर रविवारी हेच. पुढची काही वर्षं असंच चाललं. त्या रस्त्याचं रुंदीकरण झालं, नर्सरी हलली, चहावालाही टपरी उचलून गेला. तरी ते विचारायचे.

शेवटच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. आत्या म्हणाली, जेवत नाहीत, बोलत नाहीत फारसं. त्या रविवारी त्यांनी नेहमीसारखं विचारलं तेव्हा मी आधीच ठरवून ठेवलेलं बोललो.

"कळलं, नाना. तो चहावाला भेटला होता मला. सिमेंटचं पोतं पडलं होतं म्हणाला, ट्रकमधून. त्याच बुधवारी. त्यानंच नंतर उचलून बाजूला टाकलं."

पलीकडे खाट करकरली.

"इतक्या वर्षांनी आज भेटला व्हय तुला," नाना म्हणाले, आणि त्यांनी फोन आत्याकडे दिला.